उभी रेघ

भेटल्यावर लोक एकमेकांना विचारतात, काय, बरं आहे ना? आमच्या कॉलनीतल्या काकांनी हा प्रश्न आयुष्यात कुणाला विचारला असेल असं मला वाटत नाही. ते विचारायचे, "वारा कुटला हाय?"

समोरचा माणूस गोंधळायचा. मग ते स्वतःच तर्जनी जिभेला लावून ओली करायचे, डोक्यावर उंच धरायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचे. "शेताकडचा हाय. बरं हाय आज." एवढं बोलून चालू लागायचे. दुधाच्या रांगेत त्यांनी हे केलं, मयताला जमलेल्या माणसांत केलं, आणि माझ्या मुलीच्या लग्नात एका हातात अक्षता असताना दुसऱ्या हाताने केलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवऱ्या मुलाचे मामा अक्षता सोडून त्यांच्या बोटाकडेच बघत होते.

काका जाऊन काही वर्षं झाली. आमच्या कॉलनीत त्यांच्याबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते: कॉलनीचे प्रभाग काकांनीच पाडून घेतले, आणि तेच शेवटी त्यांना भोवले. ही गोष्ट अर्धी खरी आहे. तिच्या खोट्या अर्ध्यावर मी इतकी वर्षं निवांत बसलो. आता वय झालं आहे, निवांतपणा उरलेला नाही, म्हणून लिहितो.

कॉलनीची मांडणी आधी सांगायला हवी. बोईसरकडच्या कामगार वसाहती असतात तशीच आहे. पुढे डांबरी रस्ता. त्याला समांतर, एकामागे एक अशा चार गल्ल्या. पहिल्या दोन गल्ल्यांत आम्ही घाटावरचे, खानदेशातले, कारखान्यांत कायम झालेले, तारापूरला नोकरीला जाणारे. घरं आमची स्वतःची, वर एकेक मजला चढवलेला. तिसरी गल्ली मिश्र. चौथी नाल्याला लागून. तिथे पत्र्याच्या खोल्या, ठेकेदाराकडे कामाला असलेले हिंदी बोलणारे लोक, काही वारली कुटुंबं. नाल्यापलीकडे कारखाने. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तो कारखान्यांवरून, नाला ओलांडून, चौथ्या गल्लीतून आमच्याकडे येतो.

चौथ्या गल्लीच्या टोकाला एक लोखंडी गेट आहे. पलीकडे भाताची खाचरं आणि मोकळं रान. त्या गेटला आमच्या रहिवासी संघाने कुलूप घातलं होतं, कारण चोर तिथून येतात असं आम्ही धरून चाललो होतो. माझी नवी मोटरसायकल एकदा रातोरात गेली, तीही तिथूनच गेली असं मी सगळ्यांना सांगत असे. मी पाहिलं नव्हतं.

काका चौथ्या गल्लीत राहायचे. त्यांना तसं राहायची गरज नव्हती. ते मूळ समुद्रकाठच्या एडवणचे, घरची नारळ-केळीची वाडी भावांकडे सोपवून आलेले. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाले होते. चौथ्या गल्लीतलं त्यांचं घर मात्र पक्कं होतं, आणि गच्चीवर बांबूला काकूंच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली असे. पट्टी विरली की काकूंचं दुसरं लुगडं कमी व्हायचं. काकू म्हणायच्या, "यांनी लगीन माज्याशी नाय केलं, माज्या लुगड्याशी केलं."

त्यांच्या खांद्यावर कायम एक कापडी पिशवी. त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ओला पंचा. कुणाच्याही घरी गेले की दाराजवळच बसायचे. चहा आला की आधी विचारायचे, "मागचं दार कुटं उगडते?" नवीन माणसाला वाटायचं, हा म्हातारा संडासाची चौकशी करतोय. त्यांना तसं दाखवलंही जायचं, आणि ते जाऊन खरोखर मागचं दार बघून यायचे. मग कारखान्यातून वायू सुटला तर काय करायचं याचा सगळ्यांना, लहान पोरांनासुद्धा, एकच धडा: "वास आला तर वाऱ्यासंगती पळू नका. वारा तुमच्यापेक्षा जोरात पळते. आडवं पळा."

आडवं म्हणजे गल्लीच्या लांबीने. म्हणजे चौथ्या गल्लीतल्यांनी त्या गेटकडे. आणि गेटला कुलूप.

काका प्रेमळ होते असं मी लिहिणार नाही. भांडकुदळ होते. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत. त्यांचं नाक चुकायचंही. एका गणपतीत आरती चालू असताना ते मंडपात घुसले आणि ओरडले, "वास! वास! बाहेर व्हा!" बायका पोरांना काखोटीला मारून रस्त्यावर आल्या. एकीची आरतीची थाळी पालथी झाली. पाच-सात मिनिटांनी कळलं, तिसऱ्या गल्लीत कुणीतरी सुके बोंबील तव्यावर टाकले होते आणि ते करपले होते.

आमच्याकडे व्यायामशाळा चालवणारे एक सांगलीकडचे गृहस्थ होते, त्यांना सगळे पैलवानच म्हणायचे. ते म्हणाले, "काका, आम्हा घाटावरच्यांना नाही कळला तर समजू शकतो. एडवणच्या माणसाला बोंबील ओळखू येईना?"

सगळा मंडप हसला. काकाही हसतील असं वाटलं. ते म्हणाले, "हसा. नाक चुकलं तर बोंबील करपते. नाय चुकलं तर?" आणि तिथल्या तिथे ओलं बोट वर.

त्या दिवसापासून वार्षिक सभेत काका बोलायला उठले की मागून कुणीतरी म्हणायचं, "बोंबील!" ते कुणी सुरू केलं मला माहीत आहे. पण मी सेक्रेटरी होतो, मला थांबवता आलं असतं.

सभेत काकांचा ठराव ठरलेला असे. आमच्या कमिटीत नऊ माणसं. निवडणूक अशी, की अख्ख्या कॉलनीने नऊच्या नऊ निवडायचे. प्रत्येकाला नऊ मतं. दिसायला याहून लोकशाही काय असणार? पण पहिल्या दोन गल्ल्यांत माणसं जास्त आणि ती एकमेकांना विचारून मतं देणारी. नऊही नेहमी आमचेच. चौथ्या गल्लीचा माणूस कमिटीत कधीच नाही, त्यामुळे गेटची चावीही त्या गल्लीत कधीच नाही. काका म्हणायचे, "गल्लीवार निवडा. ज्याच्या नाकाला वास पयला येते त्याचा माणूस कमिटीत पाहिजे. बाकी मला काय नको."

"काका, तुम्हालाच कमिटीत यायचंय, सरळ सांगा ना," अध्यक्ष म्हणायचे. अध्यक्षांचं रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान होतं.

"हो, यायचंय! चावी दिली तर नाय येनार."

चौथ्या गल्लीतून सभेला नियमाने येणारी दुसरी व्यक्ती म्हणजे गुडियाची मम्मी. नवरा कापड कारखान्यात ठेक्यावर. ती डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसायची आणि दर वर्षी एकच वाक्य बोलायची. "साहब, ताला खोलिए नहीं तो चाबी दीजिए।" मग ठराव मताला जायचा, चौथ्या गल्लीचे आणि तिसरीतले थोडे हात वर व्हायचे, आणि पडायचा. काका खुर्ची उचलून जागेवर ठेवायचे आणि माझ्याजवळ येऊन म्हणायचे, "सेक्रेटरी, पुडच्या वर्षी लिवून ठेवा."

एका वर्षी तो मंजूर झाला. काकांमुळे नव्हे. अध्यक्ष आणि पैलवान यांच्यात मंडपाच्या जागेवरून फाटलं, दोघांनाही वाटू लागलं की अख्ख्या कॉलनीत लढण्यापेक्षा आपापल्या घरांजवळ लढणं सोपं. दोघांनी हात वर केले, त्यांच्या मागे सगळ्यांनी. काका उभे होते. त्यांना काही समजेना. माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं? खरंच झालं?" आणि पिशवीतला ओला पंचा काढून तोंड पुसू लागले. इतक्या वर्षांत तो पंचा वापरताना मी प्रथमच पाहिला.

प्रभागांच्या हद्दी काढायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलं.

गल्लीवार म्हणजे आडव्या रेघा. पोरालाही जमलं असतं. आडव्या रेघांत चौथ्या गल्लीचे दोन सदस्य झाले असते, त्यातले एक काका. मी त्या कागदापुढे बसलो आणि माझ्या डोळ्यांपुढे पुढची पाच वर्षं आली. दर बैठकीत काका दाराजवळ बसणार. दर बैठकीत मागचं दार. दर बैठकीत बोट. गेट उघडणार, आणि पुन्हा कुणाची मोटरसायकल गेली की बोलणी मी खाणार. मला कुणी पैसे दिले नाहीत, कुणी दम दिला नाही. अध्यक्षांनी फक्त एवढं विचारलं, "सगळं नीट होईल ना?" मी म्हणालो, होईल.

मी रेघा उभ्या मारल्या. रस्त्यापासून नाल्यापर्यंत, नऊ पट्टे. प्रत्येक पट्ट्यात पहिल्या गल्लीची काही घरं, दुसरीची, तिसरीची आणि तळाला चौथीच्या काही खोल्या. कारणही तयार ठेवलं: प्रत्येक सदस्याच्या वाट्याला थोडा रस्ता, थोडा नाला, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचं दुःख कळेल. आजही ते वाक्य ऐकायला चांगलं वाटतं.

काका आडवे येतील, सभेत आरडाओरडा होईल ही भीती होती. म्हणून आधीच नकाशा घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो जमिनीवर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि ओणवे झाले. त्यांनी नाल्याच्या टोकाला बोट ठेवलं आणि एका पट्ट्यातून हळूहळू रस्त्यापर्यंत आणलं. मग दुसऱ्या पट्ट्यातून. त्यांचा चेहरा उजळत गेला.

"अरे वा, सेक्रेटरी! वारा जाते तशी रेघ काढली तुमी. म्हंजे आमच्याकडं वास आला की त्याच वाटेनं तुमच्या मेंबराच्या घरात. त्याला लपता येनार नाय!"

प्रत्येक पट्ट्यात मतं कुठल्या गल्लीची जास्त याचा विचार त्यांनी केला नाही. आयुष्यभर वारा बघणारा माणूस. नकाशातही त्यांना वाराच दिसला. त्यांची चूक माझ्या डोळ्यांसमोर घडत होती आणि एका वाक्यात मला ती थांबवता आली असती. काकूंनी नारळाची वडी पुढे ठेवली. मी ती खाल्ली. सभेत काकांनी स्वतः उठून सांगितलं, "बरोबर काढलंय. मी बगितलंय." कुणी हरकत घेतली नाही.

निवडणुकीत नऊच्या नऊ पट्ट्यांत पहिल्या दोन गल्ल्यांचीच माणसं आली. काका आपल्या पट्ट्यात पैलवानांपुढे सपाटून पडले. गुडियाची मम्मी दुसऱ्या पट्ट्यात होती. ती त्यांना मत द्यायला गेली तेव्हा तिला कळलं की तिच्या यादीत काकांचं नावच नाही.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. दाराजवळच बसले. मागच्या दाराचं विचारलं नाही. मी चहाचं विचारलं.

"नको. सेक्रेटरी, भाकरी आडवी कापली असती तर एक तुकडा आमचा होता. तुमी उभी कापलीत. आमच्या वाट्याला सगळीकडची करपलेली कड."

"काका, तुम्हीच तर बघून हो म्हणालात."

"हो," ते म्हणाले. "मीच म्हनालो. सगल्या दुनियेला सांगत फिरतो आडवं पळा, आडवं पळा. आन स्वतः उभ्या रेघेवर हो म्हटलं." आणि हसले. मला वाटलं, यांना कळलं आहे. पण त्यांनी मला तसं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

पुढच्या थंडीत ते झालं. दुपारची वेळ, कामगार पाळीवर, घरांत बायका, पोरं, म्हातारी माणसं. वास कुठून आला ते शेवटपर्यंत ठरलं नाही. डोळे चुरचुरू लागले, घसा आवळला. चौथ्या गल्लीतल्या बायका काकांनी शिकवल्याप्रमाणे पोरांना घेऊन आडव्या पळाल्या. गेटपाशी पोचल्या. कुलूप. चावी त्या पट्ट्याचे सदस्य म्हणून पैलवानांकडे, आणि पैलवान मेव्हणीकडे सफाळ्याला. मग बहुतेकजणी मागे फिरल्या, पूर्ण गल्ली पुन्हा चालून, बोळातून रस्त्याकडे. वाऱ्यासोबत.

काका घरातली पहार घेऊन गेटपाशी गेले आणि कुलपावर घाव घालत राहिले. ते तुटेपर्यंत बरेचसे लोक निघून गेले होते. काही बायका-पोरं मात्र त्या वाटेने रानात गेली. गुडिया आणि तिची मम्मी त्यांतल्या. काका बाहेर गेले नाहीत. आणखी कुणी येईल म्हणून पंचा तोंडाला लावून तिथेच हाका मारत उभे राहिले. मी तेव्हा रस्त्यावर होतो, रुमाल नाकाला लावून रिक्षा शोधत. त्यांच्या हाका मला ऐकू येत होत्या. "आडवं! आडवं या!"

त्या दिवशी कुणी दगावलं नाही. पुष्कळांना दवाखान्यात ठेवावं लागलं. काकांची छाती मात्र नंतर कधी बरी झाली नाही. बोट वर धरायचे, पण उत्तर सांगायच्या आधी खोकला यायचा.

त्यानंतरची सभा मला आजही झोपेतून उठवते. गुडियाची मम्मी पहिल्यांदाच पुढच्या खुर्चीवर येऊन बसली होती. तिने विचारलं, "चाबी हमारी लाइन में क्यों नहीं थी?" अध्यक्ष म्हणाले, "चावी प्रभागाच्या सदस्याकडे असते. आणि प्रभाग कसे पाडले ते काकांनीच मंजूर केलं होतं. सेक्रेटरी साक्षीला आहेत."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

"हो," काका म्हणाले. "मी बगून हो म्हटलं होतं." खोकले, खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि गेले. त्यानंतर ते कधी सभेला आले नाहीत. गेटला नवीन कुलूप लागलं.

ही गोष्ट मी कदाचित माझ्याबरोबरच नेली असती. पण आता आमच्या भागाची नगरपालिका व्हायची आहे. प्रभागांचा कच्चा नकाशा लागला तेव्हा चष्मा पुसून मी तो दोनदा पाहिला. आमच्या कॉलनीतून जाणारी दोन प्रभागांमधली हद्द रस्त्यापासून थेट नाल्यापर्यंत उभी आहे. ओळखीची रेघ. तिने चौथ्या गल्लीचे बरोबर दोन तुकडे केले आहेत. कार्यालयात चौकशी केली तेव्हा तिथला कर्मचारी म्हणाला, "आजोबा, तुमच्या संघाचे जुने प्रभाग तयारच होते. त्यावर कधी वाद नाही, हरकत नाही. म्हणून तीच हद्द घेतली."

वाद नाही, हरकत नाही.

मी हरकत दाखल केली आणि सुनावणीला पालघरला गेलो. निघताना मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात कशाला? आपलं काय अडलंय?" निकाल अजून लागलेला नाही. बदल होईल असं मला कुणी सांगितलेलं नाही. रात्री पडल्या पडल्या मी मनातल्या मनात नकाशावर आडव्या रेघा ओढत असतो.

सुनावणीला जाण्याआधी मी चौथ्या गल्लीत गेलो होतो. गुडियाची मम्मी दारात मिरच्या निवडत होती. गुडियाचं लग्न होऊन ती सुरतेला गेली. मी तिच्या मम्मीला सगळं सांगितलं. रेघ कुणाची, काकांना काय दिसलं, मला काय माहीत होतं. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"मालूम था," ती म्हणाली. "काका बोले थे, सेक्रेटरी एक दिन खुद बोलेगा।"

"कधी म्हणाले?"

"बहुत बार। हर बार बोलते थे।"

सुनावणीला माझा नंबर आला तेव्हा आत खूप माणसं होती. मी दाराजवळची खुर्ची घेतली. अधिकारी तरुण होत्या, समंजस वाटल्या. त्यांनी माझा अर्ज वाचला, नकाशा पुढे ओढला.

"आजोबा, या हद्दीला तुमची हरकत का आहे?"

"बाई, ही रेघ मी काढलेली आहे," मी म्हणालो. "वाईट हेतूने काढली होती. ज्यांनी तिला हो म्हटलं त्यांना मी फसवलं होतं."

त्यांनी मान वर केली.

"तुमचं घर कुठल्या गल्लीत?"

"पहिल्या. रस्त्याला लागून."

"मग या हद्दीमुळे तुम्हाला स्वतःला काय त्रास आहे?"

खिडकी उघडी होती आणि तिच्यातून वारा येत होता. कुठला ते मला सांगता येईना.

"वास आमच्याकडेही येतो, बाई," मी म्हणालो. "फक्त उशिरा येतो."